दुकान कसे चालते?

(छोटा धंदा थोड्या भांडवलावर चालतो, पण तो चालवण्यासाठी मोठी समज लागते. हत्यारे कशी निवडावीत, माणूस कामावर कसा ठेवावा, कामाचा वायदा कसा पाळावा आणि हिशेब कसा लिहावा, हे लेखकाने या पाठात शिंप्याच्या दुकानाच्या उदाहरणातून समजावून सांगितले आहे.)



शाळेतून घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुम्हांला अनेक छोटी दुकाने दिसतात. कुठे शिंपी कपडे शिवत असतो, कुठे बेकरीची भट्टी पेटलेली असते. कुणी सायकलचे पंक्चर काढतो, कुणी लोखंडी खिडकीला वेल्डिंग करतो. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, भाऊ, चाचा किंवा मामू अशाच एखाद्या दुकानात काम करत असतील. काहींचे स्वतःचे दुकानही असेल. उद्या शिक्षण पूर्ण झाल्यावर तुमच्यापैकी काहीजण आपला धंदा सुरू करतील.

दुकान उघडणे फारसे अवघड नाही. जागा भाड्याने घेतली, पाटी लावली, की दुकान सुरू होते. पण ते पाच वर्षांनंतरही चालू राहावे, यासाठी काय करावे लागते? आज आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधू या.

त्याआधी एक गंमत पाहा. धंद्यात लागणारे कितीतरी मराठी शब्द तुम्हांला आधीपासूनच येतात. दुकान, मालक, नफा, नुकसान, जमा, खर्च, हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. उर्दूतला 'हिसाब' मराठीत 'हिशेब' झाला. 'मजदूर'चा 'मजूर' झाला, 'कारीगर'चा 'कारागीर' झाला आणि 'उस्ताद'चा 'वस्ताद' झाला. म्हणजे बाजारात मराठी बोलायला तुम्हांला घाबरण्याचे कारण नाही. अर्धी वाट तुम्ही चालून आलेलाच आहात!

माझे अब्बा मालेगावात शिंपी होते. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. दिवसभर मागांचा खटखट आवाज आणि त्यात आमच्या दोन शिवणयंत्रांचा आवाज मिसळलेला. त्या दुकानातच मी लहानाचा मोठा झालो. म्हणून मी तुम्हांला शिंप्याच्या दुकानाचेच उदाहरण देणार आहे. पण यातल्या गोष्टी बेकरीला लागू पडतात, गॅरेजला लागू पडतात आणि सुताराच्या कारखान्यालाही लागू पडतात.

हत्यारे आणि यंत्रे

नवे दुकान काढणाऱ्याला पहिला मोह होतो तो यंत्रांचा. साधे शिवणयंत्र हवे, इंटरलॉकचे यंत्र हवे, काज करण्याचे यंत्र हवे, वाफेची इस्त्री हवी, असे त्याला वाटते. सगळे एकदम घेतले, की हातातले पैसे संपतात. मग कापड, दोरा आणि दुकानाचे भाडे यांसाठी काहीच उरत नाही. मराठीत म्हण आहे : अंथरूण पाहून पाय पसरावेत. उर्दूत आपण चादर पाहून पाय पसरायला सांगतो. मराठीत अंथरूण आहे, उर्दूत चादर आहे, पण शहाणपण एकच आहे.

यंत्र घेण्याआधी एक साधा हिशेब करावा. समजा, कपड्याच्या कडेला इंटरलॉक करण्यासाठी तुम्ही शेजारच्या दुकानदाराला प्रत्येक नगाला १० रुपये देता. इंटरलॉकचे यंत्र ९,००० रुपयांना मिळते. तुमच्याकडे महिन्याला १०० कपडे येत असतील, तर महिन्याला १,००० रुपये वाचतील. म्हणजे ९ महिन्यांत यंत्राची किंमत वसूल होईल. असे यंत्र अवश्य घ्यावे. पण महिन्याला २० च कपडे येत असतील तर? मग २०० रुपयेच वाचतील आणि किंमत वसूल व्हायला ४५ महिने लागतील. अशा वेळी शेजाऱ्याकडून काम करून घेणेच बरे. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे त्याला पुरेसे काम आहे का, हा प्रश्न आधीचा.

यंत्र हप्त्यांनी घ्यायचे असेल, तर आणखी एक बेरीज करावी. हप्त्याची पद्धत काही नवी नाही. आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र सामान्य कुटुंबाला महाग पडत असे. म्हणून त्यांच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्यांवर यंत्रे विकायला सुरुवात केली. या पद्धतीमुळे हजारो घरांत शिवणयंत्र पोहोचले. हप्ता म्हणजे वाईट गोष्ट नव्हे, पण तो डोळे उघडे ठेवून घ्यावा. समजा, एक यंत्र रोखीने १८,००० रुपयांना मिळते. दुकानदार म्हणतो, "आज फक्त २,००० द्या आणि मग दरमहा १,६०० रुपयांचे १२ हप्ते भरा." ऐकायला सोपे वाटते. पण बेरीज केली, तर एकूण २१,२०० रुपये होतात. म्हणजे ३,२०० रुपये जास्त द्यावे लागतात. त्या यंत्राने वर्षभरात तेवढी जास्त कमाई होणार असेल, तरच हप्त्यावर सही करावी.

घेतलेले हत्यार जपणे हे घेण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे. कापड कापण्याच्या कात्रीने कागद कधी कापू नये. कागदाने कात्रीची धार जाते आणि मग कापडाची कड फाटल्यासारखी दिसते. सुई कापडाप्रमाणे बदलावी. मलमलीसारख्या पातळ कापडाला ११ नंबरची सुई, शर्टाच्या कापडाला १४ नंबरची आणि जीन्ससारख्या जाड कापडाला १६ किंवा १८ नंबरची सुई लागते. पातळ सुईने जाड कापड शिवायला गेलात, तर सुई मोडते. तिचा तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो. शिवण खालच्या बाजूने सैल दिसत असेल, दोऱ्याचे फास दिसत असतील, तर बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा ताण कमी झालेला असतो. अशा वेळी यंत्राला दोष देऊ नये. नाचता येईना अंगण वाकडे, असे व्हायचे!

रोज संध्याकाळी यंत्राच्या दातांखाली साचलेला कापसाचा भुगा ब्रशने काढावा. तेलाच्या छिद्रांत एक-दोन थेंब तेल घालावे. मग एका चिंधीवर थोडी शिवण मारावी, म्हणजे जास्तीचे तेल त्या चिंधीत उतरते आणि गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग पडत नाही. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. आमच्या दुकानात एकदा कामाच्या गडबडीत ही पाच मिनिटे बरेच दिवस वाचवली गेली. मग ऐन सणाच्या तोंडावर एक यंत्र जाम झाले. मिस्तरी दुसऱ्या दिवशी आला. रोजची पाच मिनिटे वाचवून आम्ही सणातला एक पूर्ण दिवस घालवला.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सुरक्षितता. सुई बदलताना किंवा अडकलेला दोरा काढताना पाय पायपट्टीवरून खाली ठेवावा. विजेची मोटर असेल, तर बटण बंद करावे. यंत्राचा पट्टा उघडा असू नये, त्यावर झाकण असावे. इस्त्रीच्या वायरचे आवरण फाटलेले असेल, तर ती वायर त्याच दिवशी बदलावी. बोटाला सुई लागली म्हणजे काय होते, हे मी पाहिले आहे. जखम आठ दिवसांत भरते, पण तेवढे दिवस कारागिराची मजुरी बुडते. त्याच्या घरची चूल त्याच्या बोटांवर चालते, हे मालकाने विसरू नये.

माणूस कामावर ठेवताना

काम वाढले, की मदतीला माणूस लागतो. माणूस ठेवण्याआधी मालकाने स्वतःला विचारावे : हे काम रोजचे आहे, की फक्त सणापुरते? सणापुरते असेल, तर माणसाला तसे आधीच स्पष्ट सांगावे. ईद झाल्यावर त्याला अचानक "उद्यापासून येऊ नकोस" असे म्हणणे बरोबर नाही. तो बिचारा दुसरे काम सोडून आलेला असतो.

माणूस कसा निवडावा? तो आपल्या नात्यातला आहे का, आपल्या गल्लीतला आहे का, आपल्या जातीचा किंवा धर्माचा आहे का, हे पाहून माणूस निवडू नये. त्याच्या हातात काम द्यावे. एक बाही लावायला सांगावी, एक कॉलर करायला सांगावी. शिवण सरळ आहे का? कापड वाया घालवतो का? काम झाल्यावर जागा साफ करतो का? चूक झाली, तर लपवतो की दाखवतो? एका दिवसात हे सगळे कळते. मात्र त्या दिवसाची मजुरी त्याला द्यावी. परीक्षेच्या नावाखाली फुकट काम करून घेणे हा अन्याय आहे.

माणूस ठेवताना पुढील गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्याव्यात :

१) मजुरी नगावर की महिन्यावर? नगावर असेल, तर शर्टाला किती, पँटला किती, कुर्त्याला किती?
२) कामाची वेळ कोणती? आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी?
३) पैसे कोणत्या दिवशी मिळतील?
४) जास्त वेळ काम केले, तर त्याचे किती पैसे?
५) कापड खराब झाले, तर भरपाई कोण देणार?
६) उचल घेतली, तर ती कशी फिटणार?

या गोष्टी बोलताना संकोच वाटतो. "आपलाच माणूस आहे, नंतर पाहू," असे दोघांनाही वाटते. पण नंतर पाहण्याची वेळ येते, तेव्हा भांडणाची वेळही आलेली असते.

काही बाबतींत मालक आणि कामगार यांच्या मर्जीला जागाच नाही. तिथे कायदा आहे. शासन कामासाठी किमान मजुरी ठरवते. त्याहून कमी मजुरी देता येत नाही, कामगार कबूल झाला तरी देता येत नाही. समान कामासाठी स्त्रीला आणि पुरुषाला समान मजुरी द्यावी लागते. १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामावर ठेवता येत नाही. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये ही दुरुस्ती झाली. १४ ते १८ वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायलाही बंदी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या घरच्या धंद्यात मुलाने थोडी मदत करावी, एवढी सूट आहे. पण ते काम धोक्याचे नसावे आणि त्यापायी शाळा बुडता कामा नये. मीही शाळेतून आल्यावर बटणे लावत असे. मात्र परीक्षेच्या दिवसांत अब्बा मला दुकानाच्या पायरीवर पायही ठेवू देत नसत.

दोन वह्यांची गोष्ट

वर 'उचल' हा शब्द आला आहे. उचल म्हणजे कामगाराने पुढच्या मजुरीतून आधीच घेतलेली रक्कम. घरात आजारपण येते, मुलीचे लग्न असते, खोलीचे भाडे थकते, तेव्हा कामगार मालकाकडे उचल मागतो. छोट्या धंद्यांतली बरीच भांडणे या एका शब्दातून निघतात. आमच्या दुकानातही असेच झाले.

२००४ सालची गोष्ट. मी आठवीत होतो. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद लागोपाठ आल्या होत्या. त्यामुळे दुकानात कापडांचे ढीग लागले होते. आमच्याकडे एक वयस्कर कारागीर होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांच्या हातची कॉलर पाहून दुसरे शिंपीसुद्धा मान हलवत. त्यांनी घरच्या आजारपणासाठी अब्बांकडून १,५०० रुपये उचल घेतली होती. दर आठवड्याच्या मजुरीतून २५० रुपये कापायचे, असे ठरले होते. म्हणजे सहा आठवड्यांत उचल फिटणार होती.

अब्बा हिशेब तोंडी ठेवत. फार तर एखाद्या चिठ्ठीवर आकडा लिहीत आणि ती चिठ्ठी हाताला येईल तिथे ठेवत. चाँदरातीला सगळ्यांचे पैसे चुकते करताना अब्बा म्हणाले, "चाचा, तुमचे अजून ५०० रुपये राहिले आहेत."

चाचा म्हणाले, "नाही भाई, सहा आठवडे झाले. सगळे फिटले."

"चारच आठवडे कापले आहेत मी."

"सहा कापले आहेत. नीट आठवून पाहा."

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. अब्बा आठ रात्री धड झोपले नव्हते. त्यांनी ५०० रुपये कापून घेतले. चाचांनी उरलेले पैसे मोजले नाहीत. खिशात ठेवले आणि सलाम करून निघून गेले.

ईदनंतर आम्ही दुकान झाडायला काढले. बटणांच्या डब्याच्या तळाशी मला दोन चिठ्ठ्या सापडल्या. दोन्हींवर अब्बांच्याच अक्षरात लिहिले होते : चाचा, २५०. मी त्या अब्बांच्या हातात दिल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ५०० रुपये घेऊन ते चाचांच्या खोलीवर गेले. मीही बरोबर होतो. खोलीला कुलूप होते. शेजारी म्हणाले, "ते भिवंडीला कामाला गेले."

अब्बांनी भिवंडीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पैसे पाठवले आणि माफीचा निरोपही दिला. पैसे पोहोचले. चाचांनी उलट सलाम पाठवला. पण ते परत आमच्या दुकानात आले नाहीत. तसा कारागीर अब्बांना पुन्हा मिळाला नाही. आणि अब्बांच्या मनाला जे लागले, ते कारागीर गेल्याचे नव्हते. "ईदच्या आदल्या रात्री मी त्यांना खोटे ठरवले," एवढेच ते म्हणत.

त्या आठवड्यात अब्बांनी प्रत्येक कारागिरासाठी दोन-दोन वह्या आणल्या. एक दुकानात राहायची आणि एक कारागिराकडे. दोन्हींत एकाच वेळी, एकाच शाईने, तोच आकडा लिहायचा आणि दोघांनी सही करायची. ज्याला सही येत नाही, त्याला आकडा वाचून दाखवायचा आणि मग अंगठा घ्यायचा. वह्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तारीख, केलेले नग, झालेली मजुरी, कापलेली उचल, हातात दिलेली रक्कम आणि बाकी, असे सहा रकाने मी आखत असे. आज मोबाईलवर पैसे पाठवले, की नोंद आपोआप राहते. तरीही ते पैसे कशाचे होते, मजुरीचे की उचलीचे, हे वहीत लिहावेच लागते.

उचलीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उचल फिटली नाही म्हणून कामगाराला अडवून ठेवणे, त्याला दुसरीकडे जाऊ न देणे हा गुन्हा आहे. अशा वेठबिगारीवर आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. कामगाराचे आधार कार्ड किंवा दुसरी कागदपत्रे आपल्या पेटीत ठेवून घेणेही चुकीचे आहे. ओळख पटवण्यासाठी ती पाहावीत आणि लगेच परत द्यावीत.

कामाचा वायदा

"शिंप्याचा वायदा" असे म्हणून लोक हसतात. म्हणजे उद्या म्हटले, की आठवडा समजायचा! ही बदनामी टाळता येते. त्यासाठी आपली ताकद मोजावी.

समजा, दुकानात दोन यंत्रे आहेत. एका यंत्रावर दिवसाला ५ शर्ट होतात. म्हणजे दिवसाला १० शर्ट. सणाला २० दिवस आहेत, तर २०० शर्ट होतील. पण वीज जाते, कुणी आजारी पडते, यंत्र बिघडते. म्हणून दहावा हिस्सा सोडून द्यावा. राहिले १८०. वहीत १८० वा शर्ट लिहिला, की दारावर 'बुकिंग बंद' अशी पाटी लावावी. पाटी लावताना जिवावर येते, कारण समोर पैसे दिसत असतात. पण १८१ वा शर्ट घेतला आणि तो ईदच्या सकाळी तयार नसला, तर एखादे मूल जुन्या कपड्यांत नमाजला जाते. त्याचे घर पुढच्या वर्षी आपल्या दुकानात येत नाही.

कपडा घेताना वहीत गिऱ्हाइकाचे नाव, सगळी मापे, द्यायची तारीख आणि मिळालेली आगाऊ रक्कम लिहावी. त्याच पानाला कापडाचा छोटा तुकडा टाचावा, म्हणजे अदलाबदल होत नाही. माप घेताना आकडा मोठ्याने बोलावा आणि लिहिणाऱ्याने तो परत म्हणावा. सुती कापड आकसण्याची शक्यता असते, म्हणून ते कापण्याआधी भिजवून वाळवायला गिऱ्हाइकाला सांगावे. एकाच कापडाचे बरेच कपडे असतील, जसे शाळेचे गणवेश, तर पहिला कपडा पूर्ण शिवून तपासावा. मगच बाकीचे कापावेत. पहिल्यात सापडलेली चूक एका कपड्याची असते. शेवटी सापडलेली चूक पन्नास कपड्यांची असते.

भाव आणि हिशेब

आता भावाचे पाहू. शेजारचा ३०० रुपये घेतो, म्हणून मीही ३०० घेतो, असे अनेकजण करतात. पण शेजाऱ्याचे दुकान स्वतःचे असेल आणि तुमचे भाड्याचे असेल, तर?

समजा, तुम्ही शर्टाची शिलाई ३५० रुपये घेता. त्यातून कारागिराची मजुरी १४० रुपये आणि दोरा, बटणे, कॅनव्हास यांचे ३० रुपये गेले. एका शर्टामागे १८० रुपये उरले. हे सगळे तुमचे का? नाही. दुकानाचे भाडे ४,००० रुपये, वीज १,२०० रुपये, दुरुस्ती ५०० रुपये. शिवाय १८,००० रुपयांचे यंत्र पाच वर्षे चालेल असे धरले, तर दरमहा ३०० रुपये त्याच्या झिजेसाठी बाजूला ठेवावे लागतील. एकूण ६,००० रुपये झाले. म्हणजे महिन्यातले पहिले ३४ शर्ट दुकानासाठी शिवायचे. तुमची कमाई ३५ व्या शर्टापासून सुरू होते. भाव ३०० केला, तर एका शर्टामागे १३० रुपयेच उरतील आणि ४७ शर्ट दुकानालाच लागतील. हा हिशेब केल्याशिवाय भाव कमी करू नये.

दुकानाचे पैसे आणि घराचे पैसे वेगळे ठेवावेत. गल्ल्यातून भाजीला पैसे घेतले, तर तेही वहीत लिहावे. नाहीतर महिन्याच्या शेवटी दुकान तोट्यात आहे की घरखर्च जास्त आहे, हेच कळत नाही.

शिक्षण आणि शासनाची मदत

धंदा शिकायला उस्ताद हवाच. त्याचबरोबर शिक्षणही हवे. अनेक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो.

शासनाच्या काही योजनाही माहीत असाव्यात. २०१५ मध्ये मुद्रा योजना सुरू झाली. तिच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि त्यासाठी काही तारण ठेवावे लागत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात शिंपी, सुतार, लोहार, गवंडी असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचे कर्ज अशा सोयी तिच्यात आहेत. छोट्या उद्योगाची नोंद 'उद्यम' या नावाने होते. ही पद्धत १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि या नोंदणीला शासन काहीही शुल्क घेत नाही. कुणी दलाल त्यासाठी शासनाची फी म्हणून पैसे मागत असेल, तर सावध राहा. आणि हे विसरू नका, की कर्ज म्हणजे बक्षीस नव्हे. ते फेडायचे असते.

मित्रांनो, अर्ज भरणे, करार वाचणे, पावती लिहिणे, बँकेत बोलणे, या सगळ्यांना महाराष्ट्रात मराठीचा मोठा उपयोग होतो. आपल्याला वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याने सांगितले तिथे सही केली, असे तुमच्या बाबतीत होऊ नये. तुम्ही हा तास मन लावून शिकता, तो यासाठीही आहे.

अब्बांचे दुकान आता माझा धाकटा भाऊ चालवतो. यंत्रे नवी आहेत, विजेवर चालतात. पण दर आठवड्याला पैसे देताना तो अजूनही दोन वह्या उघडतो. शेजारच्या डब्यात बटणे असतात. चिठ्ठी मात्र एकही नसते.

शब्दार्थ

भांडवल – धंद्यात घातलेला पैसा, सरमाया
नग – वस्तूंची संख्या मोजताना एक वस्तू, अदद
गिऱ्हाईक – खरेदीदार
उचल – मजुरीतून आधी घेतलेली रक्कम, पेशगी
वेठबिगारी – जबरदस्तीने करून घेतलेले काम, बेगार
वसूल होणे – घातलेले पैसे परत मिळणे
झीज – वापरामुळे होणारी घट
रकाना – वहीतला उभा भाग, खाना
जिवावर येणे – एखादी गोष्ट नकोशी वाटणे

स्वाध्याय

१) एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) यंत्र घेण्याआधी कोणता प्रश्न विचारावा?
(आ) लेखकाला दोन चिठ्ठ्या कोठे सापडल्या?
(इ) 'बुकिंग बंद' ही पाटी केव्हा लावावी?

२) चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) माणूस कामावर ठेवताना कोणत्या गोष्टी आधी बोलून घ्याव्यात?
(आ) चाँदरातीला अब्बांचे काय चुकले? त्यांनी ती चूक कशी सुधारली?

३) हिशेब करा.
शर्टाची शिलाई ३३० रुपये केली आणि बाकीचा खर्च पाठात दिल्याप्रमाणेच राहिला, तर दुकानाचा महिन्याचा खर्च भागवायला किती शर्ट शिवावे लागतील?

४) उपक्रम
घरातील मोठ्या माणसांबरोबर जवळच्या एखाद्या दुकानात जा. तेथील हत्यारांची मराठी नावे विचारा व वहीत लिहा. त्यांतली कोणती नावे उर्दूतही आहेत, ते शोधा.